दुकान चालू राहणे आणि हिशोब टिकणे

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शेतकऱ्याचा माल उतरला, सौदा झाला, काटा झाला की तो माल विकून देणाऱ्या आडत दुकानात पट्टी तयार होते. मालाचे वजन, भाव, हमाली, तोलाई, पेरणीच्या वेळी घेतलेली उचल आणि सगळी वजावट होऊन हातात पडणारी रक्कम, हे सारे त्या एका कागदावर असते. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे असतात. दाल मिलवाल्याकडून किंवा तेलाच्या कारखान्याकडून ते यायचे असतात काही दिवसांनी. मधल्या दिवसांत आडत्याजवळ माल नसतो आणि पैसाही नसतो, असते ती फक्त नोंद. आमच्या घरची आडत काकांनी अनेक वर्षे चालवली, आता मोठा चुलतभाऊ बाजार बघतो आणि मी हिशोब बघतो. त्यामुळे ही नोंद कुठे आणि कशी ठेवावी हा प्रश्न माझ्यासाठी केवळ संगणकाच्या खरेदीचा प्रश्न कधीच नव्हता.

काकांच्या काळात कीर्द आणि खतावणी लाल वह्यांत लिहिली जात असे. त्या वह्यांना वाळवी लागे, पावसाळ्यात ओल येई, पण नुकसान झाले तरी ते पानापानाने होई आणि डोळ्यांना दिसे. चार पाने खराब झाली तर बाकीची वही वाचता येई आणि त्या चार पानांवर काय होते हे मुनीमजींना बहुधा आठवतही असे. टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर आल्यावर सगळा हिशोब एका हार्ड डिस्कवर गेला. डिस्क मात्र पानापानाने खराब होईलच असे नाही. संध्याकाळी व्यवस्थित बंद केलेला संगणक सकाळी सुरूच होत नाही आणि आत असलेली सगळी वर्षे एकदम आपल्या हाताबाहेर जातात. वहीतून संगणकावर येताना आपण सोय मिळवली, बेरजेच्या चुका घालवल्या, मिनिटात उतारा काढण्याची ताकद मिळवली. त्या बदल्यात सगळी नोंद एकाच वेळी नाहीशी होण्याची शक्यताही पत्करली. मोंढ्यातल्या किती दुकानांत या दुसऱ्या बाजूचा विचार झालेला असतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुकानाचा जुना संगणक बदलायची वेळ आली तेव्हा विक्रेत्याने चार डिस्कची पेटी सुचवली. त्याचे म्हणणे सरळ होते: चार डिस्क घ्या, एक बिघडली तरी काही जाणार नाही. हे म्हणणे खोटे नव्हते. पण ‘काही जाणार नाही’ म्हणजे नेमके काय जाणार नाही, हे त्या वाक्यात नव्हते आणि निर्णय तिथेच अडत होता.

प्रथम मी मोजमाप केले. टॅलीतला सगळ्या वर्षांचा हिशोब काही जीबीत मावत होता. स्कॅन केलेल्या पट्ट्या, बिले, बँकेचे उतारे आणि करारनामे मिळून तो आकडा वाढला, तरी तो आजच्या कोणत्याही डिस्कच्या एका कोपऱ्यात बसावा इतकाच होता. खरी जागा खात होते सीसीटीव्हीचे चित्रण. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे चित्रण ५ टीबीच्या पुढे जाते. चार डिस्कची गरज दिसत होती ती या चित्रणामुळे. आणि महिन्याभरापूर्वी गोदामाच्या दारात कोणती गाडी लागली होती हे चित्र गेले, तर दुकानाचे फारसे बिघडत नाही. म्हणून सीसीटीव्हीसाठी त्याच्याच रेकॉर्डरमध्ये एक वेगळी डिस्क ठेवली आणि तिच्या जोडीला दुसरी घेतली नाही. हा एक निर्णय झाला आणि प्रश्नाचा आकारच बदलला. जपायचे होते ते आकाराने लहान होते, आणि जे लहान असते त्याच्या प्रती जास्त ठेवता येतात.

एकापेक्षा अधिक डिस्क एकत्र बांधून त्यांतली एखादी बिघडली तरी काम चालू ठेवण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ती व्यवस्थित मांडली. एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क एकत्र वापराव्यात, आणि डिस्कची संख्या वाढल्याने बिघाडाची शक्यता वाढते ती जास्तीची माहिती साठवून भरून काढावी, असा तो विचार होता. तिचे प्रकार अनेक आहेत, पण लहान दुकानाच्या दारात येतात ते बहुधा दोनच. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती जशीच्या तशी लिहिली जाते. रेड ५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते. पॅरिटी समजायला आडत दुकानासारखी दुसरी जागा नाही: तीन पोत्यांची वेगवेगळी वजने आणि एकूण बेरीज लिहून ठेवलेली असेल, तर एका पोत्याचे वजन पुसले गेले तरी बेरजेतून बाकीची दोन वजा करून ते काढता येते. मात्र दोन वजने पुसली गेली तर बेरीज असूनही उपयोग नाही. रेड ५ मध्येही एक डिस्क गेली तर चालते. दोन गेल्या की सगळे जाते. एकाऐवजी दोन डिस्क जाण्याची सोय हवी असेल तर रेड ६ घ्यावे लागते आणि त्याला किमान चार डिस्क लागतात.

चार-चार टीबीच्या चार डिस्कचे रेड ५ केले तर वापरायला १२ टीबी मिळतात, आणि विक्रेत्याच्या बोलण्यात याच आकड्यावर भर होता. त्यांतली एक डिस्क बिघडली तर नवी बसवून तिच्यावरची माहिती पुन्हा उभी करावी लागते, आणि त्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. म्हणजे १२ टीबी, अर्थात ९६ लाख कोटी बिट. घरगुती प्रकारच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते की १०० लाख कोटी बिट वाचताना एखाद्या ठिकाणी वाचता न येणारी चूक निघू शकते. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात आणि बऱ्या प्रतीच्या डिस्कची हमी याच्या दहापट असते. तरीही ज्या रात्री एक डिस्क आधीच गेलेली आहे आणि उरलेल्या तीनही डिस्ककडून तासन्‌तास सलग काम करून घ्यायचे आहे, त्या रात्री कागदावरचे हे गणित मला निश्चिंत झोपू देणारे वाटले नाही. शिवाय चारही डिस्क एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आणलेल्या असतात, एकाच उष्णतेत तितकेच तास चाललेल्या असतात, आणि त्यामुळे पहिली थकते तेव्हा बाकीच्याही तरुण नसतात.

जागेचाही विचार आवश्यक होता. पुस्तकात लिहिलेली सर्व्हर खोली थंड, बंद आणि स्वच्छ असते. आमचे दुकान मोंढ्यात आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. तुरीच्या हंगामात भुशाची बारीक धूळ काउंटरवर, वह्यांवर, पंख्याच्या पात्यांवर बसते, आणि संगणकाच्या आतल्या पंख्यावरही बसते. गोदामात उंदीर असतात आणि त्यांना वायर कुरतडायला आवडते. वीज जाते, येते, कधी येताना जोराने येते. रेड ५ मध्ये माहिती आणि तिची पॅरिटी दोन्ही लिहायच्या असतात. त्या दोहोंच्या मध्ये वीज गेली तर बेरीज आणि वजने यांचा मेळ बसत नाही, आणि हा बेमेळ त्या वेळी दिसत नाही, तो दिसतो पुढे डिस्क बिघडते तेव्हा. चांगल्या यंत्रणांत यावर उपाय असतात, पण ते उपाय आहेत की नाहीत हे कोणी तरी समजून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी होती. काही पेट्यांत डिस्कची जुळणी एका खास कार्डावर अवलंबून असते. डिस्क ठणठणीत असतात, पण ते कार्ड जळले की तसेच दुसरे कार्ड मिळेपर्यंत त्या वाचता येत नाहीत. पुण्याहून किंवा हैदराबादहून ते मागवायचे आणि सोयाबीनच्या ऐन आवकेत त्याची वाट बघत बसायचे, हे आम्हाला परवडणारे नव्हते. जी वस्तू गावात दुरुस्त होते, किंवा दुरुस्त झाली नाही तरी गावातल्या कोणत्याही जाणकार मुलाला उघडून वाचता येते, तीच घ्यावी, असा निकष मी ठरवला. दोन डिस्कची साधी नॅस पेटी, म्हणजे दुकानातल्या सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारी साठवणीची पेटी, आणि त्यात रेड १, ही निवड त्यातून झाली. पेटीच बंद पडली तर त्यातली एक डिस्क काढून लिनक्सच्या संगणकाला जोडता येते आणि आतली माहिती बहुधा वाचता येते. जागा अर्धी वाया जाते हे खरे. पण आम्हाला जागा कमी पडत नव्हतीच. दोन डिस्क दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या. सोबत लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा, म्हणजे कमी-जास्त होणारी वीज सावरणारा आणि ती गेली तर बॅटरीवर चालवणारा, यूपीएस घेतला आणि तो यूएसबी वायरने पेटीला जोडला, म्हणजे बॅटरी संपत आली की पेटीला तसा निरोप जातो आणि ती लिहिणे पूर्ण करून स्वतःहून बंद होते. इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला, असे भावाने विचारले होते. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना कधी कधी इतका वेळ जातो की दिवा चालू राहतो पण संगणक बंद पडतो, आणि इन्व्हर्टर पेटीला निरोपही देत नाही.

पेटी बसवल्यावर चालत्या दुकानात मी एक डिस्क मुद्दाम बाहेर ओढली. आधी प्रत काढून ठेवलेली होती. पेटीने कर्कश आवाज सुरू केला, हिरवा दिवा नारिंगी झाला. मुनीमजी पट्टी छापत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“काय झालं? कशाला बोंबलायलंय ते?”

“एक डिस्क काढलीय, मुनीमजी. तुम्ही थांबू नका, पट्टी काढा.”

त्यांनी पट्टी काढली, पुढची काढली, शेतकऱ्याला पैसे मोजून दिले. काहीही अडले नाही. डिस्क परत बसवल्यावर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर सगळी माहिती उतरवण्याचे काम सुरू झाले आणि ते रात्रभर चालले. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने सलग लिहिली तरी सात तासांच्या वर जातात, तेव्हा त्यात आश्चर्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दुसरा प्रयोग केला. टॅलीत चाचणीसाठी बनवलेल्या एका खोट्या कंपनीच्या हिशोबाचा फोल्डर पुसून टाकला आणि मुनीमजींना दोन्ही डिस्क दाखवल्या. फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी गेला होता.

“मग दुसरी कशाला घेतली?”

“एक बिघडली तरी दुकान बंद पडू नये म्हणून.”

“अन् हिशोब?”

मुनीमजींच्या या प्रश्नातच सगळे आले. जोडीची डिस्क दुकान चालू ठेवते. ती हिशोब टिकवत नाही. चुकून पुसलेली नोंद ती तितक्याच तत्परतेने दुसरीकडून पुसते. व्हायरसने कुलूप घातलेली फाइल ती दोन्हीकडे कुलूपबंदच ठेवते. मे २०१७ मध्ये फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस पसरला तेव्हा जगभरच्या असंख्य संगणकांवर नेमके हेच झाले. ज्यांच्याजवळ संगणकापासून तोडून ठेवलेली प्रत होती त्यांना आपल्या फाइली परत मिळाल्या. केवळ जोडीच्या डिस्क असणाऱ्यांना त्या जोडीचा काही उपयोग नव्हता. चोराने पेटी उचलली तर दोन्ही डिस्क त्याच पेटीत जातात. आग लागली तर दोन्ही एकत्र जळतात. म्हणून दुकान चालू राहावे यासाठी करायचा खर्च आणि हिशोब टिकावा यासाठी करायचा खर्च हे वेगळे मांडावेत, असे माझे ठाम मत आहे. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर दुसरी आधी करावी. दुकान एक दिवस बंद राहिले तर एका दिवसाचे नुकसान होते. मुनीमजी हातानेही पट्टी लिहू शकतात.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम यासाठी मला आजही पुरेसा वाटतो: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. आमच्याकडे पहिली प्रत नॅस पेटीत असते. पेटी दर काही तासांनी स्नॅपशॉट घेते, म्हणजे त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवते. दुपारी चुकून पुसलेली नोंद संध्याकाळी सकाळच्या स्नॅपशॉटमधून परत आणता येते. दुसरी प्रत बाहेरच्या दोन डिस्कवर आळीपाळीने उतरते. एक दुकानात जोडलेली असते तेव्हा दुसरी घरी कपाटात असते, आणि एक तरी कायम संगणकापासून तुटलेली असते. तिसरी प्रत रात्री क्लाउडवर जाते, आणि ती इथून निघण्याआधीच कुलूपबंद होते. तिचा पासवर्ड एका बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहे, कारण पासवर्ड हरवला तर ती प्रत असून नसल्यासारखीच.

घर आणि दुकान एकाच शहरात असताना तिसरी प्रत शहराबाहेर हवीच का, असा प्रश्न इतर कुठे विचारता येईल. लातूर जिल्ह्यात तो विचारू नये असे मला वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे १० हजार माणसे गेली. त्या दुःखापुढे हिशोबाच्या वहीची गोष्ट काढणेही संकोचाचे आहे. तरी वाचलेल्या माणसांना पुढे जगायचे असते, घेणे-देणे सिद्ध करायचे असते, आणि त्यासाठी कागद लागतो. ज्या संकटात घर आणि दुकान दोन्ही एकाच मिनिटात जाऊ शकतात, त्यासाठी ठेवलेली प्रत त्या संकटाच्या कक्षेबाहेरच असायला हवी. मोठ्या क्लाउड सेवांची केंद्रे आता मुंबई, पुणे, हैदराबाद इथे आहेत, आणि कुलूपबंद केलेला काही जीबींचा हिशोब तिथे ठेवायचा खर्च वहीखात्याच्या जुन्या खर्चापुढे फार नाही.

कायद्याचीही अपेक्षा आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, आणि संगणकावर हिशोब ठेवला तर अपघातात किंवा नैसर्गिक कारणाने तो नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवायचा असतो. कंपन्यांसाठी २०२२ पासून तो बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर असावा असा नियम आहे. आमची भागीदारी पेढी त्या नियमात बसत नाही, तरी रोजची शिस्त आम्ही त्यावरूनच घेतली.

पण मला या सगळ्याकडे ओढणारी गोष्ट कायद्याची नाही. आमचा हिशोब पूर्ण गेला तरी तो थोडाफार परत उभा करता येईल, हे मला माहीत आहे. पट्टीची एक प्रत शेतकऱ्याकडे असते, खरेदीदाराच्या वहीत त्याची खरेदी असते, हमालांच्या टोळीकडे पोत्यांची नोंद असते, बाजार समितीकडे आवक आणि भाव असतात. मात्र तेव्हा आम्हाला औशाच्या किंवा रेणापूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या दारात जाऊन, तुमची पट्टी दाखवा, तुमचे आमच्याकडे किती निघते ते सांगा, असे म्हणावे लागेल. तो खरे सांगेल याबद्दल मला शंका नाही. पण त्याने आमच्या भरवशावर माल टाकला, रक्कम पूर्ण घेतली नाही, लेकीच्या लग्नाच्या वेळी नेईन म्हणून काही आमच्याकडे ठेवली. ती नोंद जपणे हे आमचे काम होते. ते काम त्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीवर टाकणे मला मान्य नाही. आणि पट्टी पावसात भिजलेली निघाली तर त्याचा हक्क आम्ही कशाच्या आधारावर मान्य करणार?

याच विचारातून प्रतीवरून हिशोब परत उभा करण्याच्या सरावाला मी यंत्रापेक्षा जास्त महत्त्व देतो. प्रत निघाली असा संदेश रोज येतो, पण प्रत उघडते का हे तो संदेश सांगत नाही. मोंढा बंद असतो अशा एखाद्या दिवशी आम्ही जुन्या लॅपटॉपवर टॅली उघडतो, बाहेरच्या डिस्कवरून किंवा क्लाउडवरून सगळा हिशोब उतरवतो आणि एखाद्या शेतकऱ्याचे खाते काढून छापील पट्टीशी ताडून बघतो. डिस्कचेही वय लिहून ठेवलेले आहे; दोन्ही एकदम म्हाताऱ्या होऊ नयेत म्हणून एक डिस्क चांगली चालत असतानाच आधी बदलायची आणि निघालेल्या डिस्कवर ३१ मार्चचा बंद हिशोब उतरवून ती लॉकरमध्ये ठेवायची, असे ठरले आहे.

माणसांचीही जोडी लागते. हे सगळे मला एकट्याला येत असेल तर दुकानात अजून एकच डिस्क आहे असे समजावे. म्हणून सगळी पायरी-पायरीची कृती मी मराठीत एका पानावर लिहिली आणि गेल्या सरावाला वहिनींना, मी शेजारी न बसता, ते पान बघून एकटीने हिशोब उभा करायला सांगितले. त्या एका जागी अडल्या. पान वाचून हिशोबाचा फोल्डर बदलायला गेल्या तर संगणक तो बदलू देईना, कारण टॅली मागे उघडीच होती, आणि मी ती बंद करायला कुठेच लिहिले नव्हते. त्यांनी स्वतः कारण शोधले, काम पूर्ण केले आणि पेनाने पानावर तशी ओळ घातली. नव्या छापील पानावर ती आता पहिली पायरी आहे, आणि पुढचा सराव मुनीमजी करणार आहेत.